संशोधकाचे व्रत

तहसील कचेरीच्या आवारात, न्यायालयाच्या दाराशी, महाविद्यालयाच्या कोपऱ्यावर, किंबहुना जेथे जेथे कागदाला महत्त्व आहे तेथे तेथे एखादे लहानसे दुकान असते आणि त्यावर ‘झेरॉक्स’ अशी पाटी झळकत असते. गुणपत्रिका, शिधापत्रिका, सातबाराचा उतारा असा कोणताही कागद दुकानदाराच्या हाती दिला की क्षणार्धात त्याची हुबेहूब प्रत निघते. वस्तुतः झेरॉक्स हे एका अमेरिकन कंपनीचे नाव. परंतु मराठी माणसाने ते प्रतीचेच नाव करून टाकले आहे. हा चमत्कार ज्या तत्त्वामुळे शक्य झाला, त्याचा पहिला प्रयोग कोणत्याही भव्य कारखान्यात झाला नाही. त्याचा आरंभ एका सामान्य नोकरदाराच्या स्वयंपाकघरात झाला. त्या नोकरदाराचे नाव चेस्टर कार्लसन.

संशोधकांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतील. पहिल्या वर्गातील संशोधक एखाद्या संस्थेच्या आश्रयाने काम करतात. त्यांना प्रयोगशाळा, सहकारी व वेतन मिळते. कामाचा हिशेब विचारणारे वरिष्ठही असतात. दुसऱ्या वर्गातील संशोधक स्वतंत्र असतात. त्यांच्या पाठीशी कोणी नसते. वेळ स्वतःचा, पैसा स्वतःचा, आणि अपयशही स्वतःचेच. असा मनुष्य स्वतःच धनी असतो व स्वतःच चाकर. आज काम केले नाही तर त्याला जाब विचारणारे कोणी नाही. आणि काम केले तरी शाबासकी देणारेही कोणी नाही. म्हणून त्याच्या ठिकाणी बुद्धीच्या जोडीला एक विशिष्ट मनोवृत्ती आणि कठोर आत्मसंयमन असावे लागते. शोध म्हणजे प्रतिभेची एक वीज चमकणे, असा सर्वसाधारण समज आहे. वीज चमकते हे खरे. परंतु त्या क्षणिक उजेडात दिसलेली वाट पुढे वर्षानुवर्षे अंधारातच तुडवावी लागते. ती कशी तुडवावी, हे कार्लसनच्या चरित्रावरून फार चांगले समजते.

कार्लसनचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल या शहरी झाला. त्याचे वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. पण संधिवात व क्षय या व्याधींनी त्यांना जर्जर केले. ज्या वयात मुले निर्वेधपणे खेळतात, त्या वयात चेस्टरवर कामे करून घरखर्चाला हातभार लावण्याची पाळी आली. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तर कुटुंबाचा मुख्य भार त्याच्याच शिरावर होता. पहाटे उठून काम, मग शाळा आणि शाळा सुटली की पुन्हा काम, असा त्याचा दिनक्रम असे. तो सतरा वर्षांचा असताना त्याची आईही क्षयानेच निवर्तली. दारिद्र्य हा काही सद्गुण नव्हे. त्याने कित्येकांची उमेद खचते. परंतु आपला दिवस आपणच आखावयाचा आणि आखल्याप्रमाणे पार पाडावयाचा, ही सवय या मुलाला दारिद्र्यातच लागली, व पुढे तीच त्याचे खरे भांडवल ठरली.

याच काळात तो एका मुद्रकाकडे काम करीत असे. तेथून मिळालेल्या एका जुन्या छपाईयंत्रावर रसायनशास्त्राची आवड असणाऱ्यांसाठी एक छोटे नियतकालिक काढण्याचा उद्योग त्याने केला. एकेक खिळा जुळवून मजकूर छापणे किती कष्टाचे असते, याचा अनुभव त्याने घेतला. लिहिलेले शब्द कागदावर उमटविण्याचा याहून सोपा मार्ग का नसावा, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मनात रुतून बसला. पुढे नोकरी आणि शिक्षण आलटूनपालटून करीत त्याने १९३० साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेतून भौतिकशास्त्राची पदवी मिळविली. त्या वेळी अमेरिकेवर महामंदीचे सावट पसरले होते. त्याने ८२ कंपन्यांकडे अर्ज पाठविले. पण कोणीही काम दिले नाही. अखेर न्यूयॉर्क येथील बेल प्रयोगशाळेत त्याला नोकरी मिळाली, आणि तेथून तो त्या संस्थेच्या एकस्व विभागात गेला. मंदीत तीही नोकरी सुटली. परंतु पुढे दुसऱ्या एका कंपनीत त्याला तशाच प्रकारचे काम मिळाले.

एकस्व, म्हणजेच पेटंट, हा संशोधकाला सरकारकडून ठरावीक मुदतीपुरता मिळणारा हक्क होय. त्या मुदतीत त्याच्या अनुमतीवाचून इतरांना त्या शोधाचा व्यापारी उपयोग करता येत नाही. असा हक्क मागताना शोधाचे सविस्तर वर्णन व आकृत्या सादर कराव्या लागतात. या कागदांच्या प्रती कार्लसनच्या कचेरीत वारंवार लागत, आणि त्या कधीच पुरेशा नसत. मजकूर कार्बन कागद घालून टंकलिखित करावा, तर चूक झाल्यास सारे पुन्हा. आकृत्यांची छायाचित्रे काढून आणावीत, तर वेळ आणि पैसा दोहोंचा व्यय. शिवाय कार्लसन रात्रीच्या वर्गात कायद्याचा अभ्यास करीत होता. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे तो ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून काढी. दृष्टी अधू, त्यात वडिलांचा संधिवात त्याच्याही वाट्याला आलेला. मान आणि पाठ ठणकू लागे.

येथे संशोधकाच्या मनोवृत्तीचा पहिला विशेष दिसतो. प्रती काढण्याचा त्रास हजारो कारकुनांना होत होता. त्यांनी त्याविषयी तक्रार केली आणि पुन्हा काम हाती घेतले. कार्लसनने मात्र त्या तक्रारीचे प्रश्नात रूपांतर केले. तक्रार मनुष्याला जेथल्या तेथे बसवते. प्रश्न त्याला चालावयास लावतो. मनात येणाऱ्या कल्पना टिपून ठेवण्याची त्याला फार पूर्वीपासून सवय होती. बेल प्रयोगशाळेत असतानाच त्याच्या वहीत अशा चारशेहून अधिक कल्पनांची नोंद झाली होती. त्यांपैकी बहुतेक कल्पना कागदावरच राहिल्या. पण चारशे कल्पनांतून एकच निवडणे व बाकीच्यांचा मोह आवरणे, हेही संयमनच होय. ज्याचे मन दर महिन्याला नव्या कल्पनेमागे धावते, त्याच्या हातून कोणतेही काम सिद्धीस जात नाही.

दुसरा विशेष अभ्यासाचा. कल्पना सुचताच साधने गोळा करून खटपटीला लागावे, असा मोह नवशिक्याला होतो. कार्लसनने तसे केले नाही. नोकरीचे तास संपल्यावर तो न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाई, आणि या विषयात पूर्वी कोणी काय केले आहे हे शोधून काढी. असे त्याने कित्येक महिने केले. त्याच्या विचाराची दिशा मोठी मार्मिक होती. रासायनिक द्रव्ये वापरून छायाचित्रे काढण्याच्या क्षेत्रात मोठमोठ्या कंपन्या आधीच काम करीत होत्या. त्यांच्याशी एकट्याने स्पर्धा करणे व्यर्थ होते. म्हणून ज्या वाटेने फारसे कोणी गेले नाही ती वाट त्याने धरली. काही पदार्थांवर प्रकाश पडला म्हणजे त्यांतून विद्युत अधिक सुलभतेने वाहते, हा गुणधर्म शास्त्रज्ञांना ठाऊक होता. त्याचा उपयोग करून कागदावर अक्षरे उमटविता येतील, असे त्याने मनाशी निश्चित केले व १८ ऑक्टोबर १९३७ रोजी एकस्वासाठी पहिला अर्जही दाखल केला. कायद्याचे ज्ञान त्याने हौसेखातर मिळविले नव्हते. आपला शोध आपलाच आहे हे सिद्ध करता आले नाही, तर एकट्या माणसाचे कष्ट दुसऱ्याच्या पदरात पडतात, हे त्याने आपल्या कचेरीत प्रत्यक्ष पाहिले होते.

परंतु कागदावरील तत्त्व आणि हातातील वस्तू यांमध्ये मोठे अंतर असते. त्याने आपल्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात प्रयोग आरंभिले. चुलीवर गंधक वितळवून त्याचा थर जस्ताच्या पत्र्यावर चढवावयाचा, असे ते काम असे. जळत्या गंधकाच्या उग्र वासाने घरात बसणे अशक्य होई. शेवटी अ‍ॅस्टोरिया या न्यूयॉर्कच्याच एका भागात त्याने एक लहानशी खोली घेतली, आणि ऑटो कोर्नाई नावाच्या, ऑस्ट्रियाहून आलेल्या एका बेकार पदार्थवैज्ञानिकास अल्प वेतनावर मदतीस ठेवले. हे सारे त्याने नोकरी न सोडता, पगारातून शिल्लक टाकून केले. शोधाच्या नादात घरदार विकून बसणाऱ्यांच्या कथा रम्य वाटतात. पण पोटाची चिंता लागलेले मन शांतपणे प्रयोग करू शकत नाही. पैशाचा हिशेब ठेवणे हा संशोधनाचाच एक भाग आहे, हे त्याने ओळखले होते.

२२ ऑक्टोबर १९३८ चा दिवस उजाडला. कोर्नाईने एका काचपट्टीवर काळ्या शाईने दिनांक व ‘अ‍ॅस्टोरिया’ हे स्थलनाम लिहिले. खोलीत अंधार करून त्यांनी गंधकाचा थर दिलेला पत्रा हातरुमालाने जोराने घासला. फणी केसांवर घासली असता ती कागदाचे कपटे ओढून घेते, हे सर्वांनी अनुभविलेले असते; त्याच रीतीने त्या पत्र्यावर विद्युतभार निर्माण झाला. मग काचपट्टी पत्र्यावर ठेवून त्यांनी काही क्षण प्रखर दिवा लावला. जेथे प्रकाश पडला तेथील विद्युतभार नाहीसा झाला. अक्षरांच्या सावलीत मात्र तो तसाच राहिला. काचपट्टी उचलून त्यांनी पत्र्यावर लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक भुकटी भुरभुरली व हलकीच फुंकर घातली. सैल भुकटी उडून गेली, आणि जेथे विद्युतभार शिल्लक होता तेथे ती चिकटून राहिली. पत्र्यावर अक्षरे उमटली! मग त्यावर मेणकागद दाबून व तो किंचित तापवून त्यांनी ती अक्षरे कागदावर घेतली. शाईवाचून व रासायनिक द्रवावाचून निघालेली ती पहिली प्रत होय. आजच्या यंत्रांतही मूळ तत्त्व हेच असते. हातरुमाल, गंधक आणि मेणकागद यांची जागा मात्र अधिक चांगल्या साधनांनी घेतली आहे. हर्ष क्षणभर आवरून दोघांनी तोच प्रयोग पुन्हा केला, आणि पुन्हा केला. एकदा घडले ते कदाचित योगायोगाने घडले असेल. वारंवार घडते तेच सत्य, ही शास्त्राची शिस्त त्यांनी पाळली.

येथे कथा संपली असती तर ती फार सुखद झाली असती. परंतु खरी कसोटी येथूनच सुरू झाली. प्रयोगाचे महत्त्व फारसे न वाटल्यामुळे कोर्नाईने लवकरच दुसरी नोकरी पतकरली. कार्लसन आपले ओबडधोबड साहित्य घेऊन एकेका कंपनीच्या पायऱ्या चढू लागला. १९३९ पासून १९४४ पर्यंत वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला नकार दिला. कार्बन कागद इतका स्वस्त असता या खटाटोपाची गरज काय, असे त्यांना वाटे. या पाच वर्षांत त्याची प्रकृती ढासळली, संसारात दुरावा आला, आणि १९४५ मध्ये त्याचा विवाहही संपुष्टात आला. हा नाद सोडून द्यावा, असा निश्चय त्याने अनेकदा केला. आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा त्या कामाकडे वळला.

अशा वेळी एक गंभीर प्रश्न उभा राहतो. चिकाटी आणि हट्ट यांत भेद कोणता? दोन्हींत मनुष्य माघार घेत नाही. दोन्हींत तो जगाचे ऐकत नाही. इंधनावाचून अखंड चालणारे यंत्र निर्माण करण्याच्या ध्यासात शतकानुशतके कित्येक बुद्धिमान माणसांनी आपले आयुष्य वेचले. पण ऊर्जा शून्यातून उत्पन्न होत नाही हा निसर्गाचा नियम असल्यामुळे ते सारे कष्ट वाया गेले. त्यांची निष्ठा कार्लसनहून कमी होती असे नाही. भेद आहे तो साक्षीचा. कार्लसनच्या बाजूने प्रयोगाची साक्ष होती. लोक काय म्हणतात याकडे त्याने दुर्लक्ष केले. निसर्ग काय म्हणतो याकडे कधीही केले नाही. शिवाय आपल्या तत्त्वाला तो चिकटून राहिला, पण साधनाला चिकटला नाही. पुढे इतरांनी गंधकाऐवजी सेलेनियम हे मूलद्रव्य अधिक उपयुक्त असल्याचे दाखवून दिले, तेव्हा त्याने ते आनंदाने मान्य केले. जो स्वतःची चूक पाहू शकतो त्याची ती चिकाटी. जो पाहू इच्छित नाही त्याचा तो हट्ट.

१९४४ साली ओहायो राज्यातील बॅटेल या संशोधनसंस्थेने त्याच्या शोधात लक्ष घातले. तेव्हा झालेल्या करारान्वये उत्पन्नातील मोठा वाटा संस्थेला देण्यास कार्लसनने मान्यता दिली. स्वतंत्र संशोधकाला हा क्षण फार अवघड वाटतो. जी कल्पना त्याने एकट्याने वाढविली, ती परक्यांच्या हाती सोपवावी लागते. परंतु स्वावलंबन म्हणजे एकलकोंडेपणा नव्हे. आपले सामर्थ्य कोठे संपते हे ज्याला कळते, तोच योग्य वेळी साहाय्य मागतो. १९४७ च्या प्रारंभी रोचेस्टर येथील हॅलॉइड नावाच्या, छायाचित्रणाचा कागद करणाऱ्या एका लहान कंपनीने हा शोध विकसित करण्याचे हक्क घेतले. ‘कोरडे’ व ‘लेखन’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून या पद्धतीस झेरोग्राफी हे नाव देण्यात आले, आणि पहिल्या प्रयोगास बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २२ ऑक्टोबर १९४८ रोजी, ती जगापुढे मांडण्यात आली. तरीही पुढच्या वर्षीचे पहिले यंत्र चालविण्यास इतके क्लिष्ट निघाले, की कचेऱ्यांनी त्याचे स्वागत केले नाही. कंपनीने धीर सोडला नाही. १९५९ साली बटन दाबताच साध्या कागदावर प्रत काढून देणारे ‘९१४’ हे यंत्र प्रकट झाले, आणि त्याने कचेरीतील कामाची रीतच पालटून टाकली. अ‍ॅस्टोरियाच्या खोलीतील त्या दिवसापासून येथवर २१ वर्षे लोटली होती. बत्तीस वर्षांचा तरुण त्रेपन्न वर्षांचा झाला होता.

व्रत निष्ठेने पाळले की फळ मिळतेच, असे मात्र समजू नये. महाराष्ट्रातच याचे एक उदाहरण आहे. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे हे असेच स्वतंत्र वृत्तीचे संशोधक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजींसारख्या थोर पुरुषाचा त्यांना पाठिंबा लाभला. छपाईचे खिळे वेगाने ओतणारे यंत्र त्यांनी सिद्ध केले. पण ते बाजारात आणण्यास लागणारे भांडवल वेळोवेळी अपुरे पडले. परदेशात, परतंत्र देशाचा नागरिक म्हणून वावरताना त्यांना जी झुंज द्यावी लागली, ती सोपी नव्हती. तरीही त्यांनी संशोधन सोडले नाही. पुढे ते अमेरिकेत गेले, आणि १९३५ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्याच शहरात कार्लसनने तीन वर्षांनी आपला प्रयोग यशस्वी केला. कार्लसनला योग्य वेळी योग्य आश्रयदाते भेटले. भिसे यांच्या वाट्याला तेवढे दैव आले नाही. यश हे पुष्कळदा परिस्थितीच्या हाती असते. अभ्यास, नोंदी, नियमितपणा आणि प्रामाणिक परीक्षण या गोष्टी मात्र सर्वस्वी स्वतःच्या हाती असतात. त्या ज्याने पाळल्या, त्याचे जीवन फळ न मिळताही निष्फळ ठरत नाही.

कार्लसनला उतारवयात अमाप संपत्ती मिळाली. पण ज्या संयमनाने त्याने दारिद्र्य सोसले, त्याच संयमनाने त्याने ऐश्वर्यही वापरले. त्याने आपल्या धनाचा फार मोठा भाग, सुमारे दहा कोटी डॉलर, लोकोपयोगी कार्यांस देऊन टाकला, आणि तोही बहुधा स्वतःचे नाव प्रकट न करता. ज्याने अर्ध्या वाटेवर साथ सोडली होती त्या कोर्नाईलाही तो विसरला नाही. कंपनीचे १०० भाग त्याने त्याच्याकडे भेट म्हणून धाडले. १९ सप्टेंबर १९६८ रोजी कार्लसनचे निधन झाले.

आज झेरॉक्सच्या दुकानात कागद पुढे करताना त्या गंधकाच्या वासाने भरलेल्या स्वयंपाकघराची आठवण कोणाला होत नाही. होण्याचे कारणही नाही; कारण शोध पूर्णत्वास गेला की तो साऱ्यांचा होतो आणि शोधकाचे कष्ट त्यात विरघळून जातात. परंतु ज्याच्या मनात एखादा प्रश्न रुतून बसला आहे, ज्याच्या वहीत एखादी कल्पना टिपलेली आहे, अशा प्रत्येक मुलामुलीने एवढे ध्यानात ठेवावे, की विजेचा लोळ क्वचितच कोणाच्या अंगणात पडतो. दिव्याची वात मात्र प्रत्येकाला रोज सारता येते.

अभ्यास

१. संस्थेत काम करणारा संशोधक आणि स्वतंत्र संशोधक यांच्या परिस्थितीत कोणता फरक असतो?
२. ‘तक्रार मनुष्याला जेथल्या तेथे बसवते, प्रश्न त्याला चालावयास लावतो.’ कार्लसनच्या उदाहरणावरून या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी केलेल्या प्रयोगाचे टप्पे क्रमाने लिहा.
४. चिकाटी आणि हट्ट यांतील भेद पाठाच्या आधारे सांगा व त्यास स्वतःच्या अनुभवातील एक उदाहरण द्या.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : सिद्धीस जाणे, पदरात पडणे, हातभार लावणे, संपुष्टात येणे.